चर्चमागची खोली

नवरा दारू पितो हे आपण शेजारणीलाच काय, आईलाही सांगत नाही. गेल्या महिन्यात माझ्या वर्गातल्या एका मुलाची आई मात्र वही बघता बघता रडू लागली. "बाई, 'यांना ताप आलाय' असं यांच्या साहेबांना सांगून सांगून थकले हो मी!"

तिला मी 'अल-अनॉन'ची माहिती दिली. १९३५ साली अमेरिकेतल्या ॲक्रन गावी बिल विल्सन आणि डॉ. बॉब स्मिथ या दोन मद्यपींनी एकमेकांना सावरलं. त्यातून 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस' उभी राहिली. त्याआधी बिल न्यूयॉर्कच्या कॅल्व्हरी चर्चमधल्या बैठकांना जाई. चूक कबूल करणं, नुकसान भरून देणं, प्रार्थना, दुसऱ्याला हात देणं हे त्यानं तिथूनच घेतलं. १९५१ साली त्याची पत्नी लोइस हिनं घरच्या माणसांसाठी अल-अनॉन सुरू केलं.

मुंबईतसुद्धा अशा बैठका चर्चच्या किंवा शाळेच्या खोलीत भरतात. धर्म कुठलाही चालतो. फी नाही, आडनाव विचारत नाहीत, ऐकलेलं बाहेर सांगायचं नाही. तिथं उमजतं, की त्याचं व्यसन आपल्यामुळे लागलं नाही आणि आपल्या धाकानं सुटणारही नाही. आपण सावरायचं ते स्वतःला. (मारहाण होत असेल तर मात्र आधी मुलांसह सुरक्षित जागी जा.)

परवा ती पुन्हा भेटली. नवरा अजून पितोच. "पण बाई, आता साहेबांना फोन मी करत नाही," म्हणाली. मान ताठ होती.