मुरूडच्या समुद्रकांठीं

सुटीचे दिवस जवळ आले, म्हणजे घरोघरीं प्रवासाचे बेत सुरू होतात, आणि मुलांचा कौल बहुधा समुद्राकडेच पडतो. पंचगंगेच्या कांठीं, कसबा बावड्यांत, आयुष्य घालविलेल्या आम्हां घाटावरच्या मंडळींसही समुद्राचें अप्रूप असावें, हें स्वाभाविकच आहे. परंतु समुद्र पाहणें आणि समुद्रकांठचा गांव पाहणें ह्या दोन निराळ्या गोष्टी होत. पहिलीस डोळे पुरतात. दुसरीस थोडी पूर्वतयारी लागते. ह्या दृष्टीनें दापोली तालुक्यांतील मुरूड ह्या गांवाविषयीं चार शब्द लिहिण्याचें योजिलें आहे.

कोल्हापुराहून निघणारानें कऱ्हाड, पाटण, कोयनानगर ह्या मार्गानें कुंभार्ली घाट उतरावा व चिपळूण, खेड, दापोली करीत मुरूड गांठावें. घाटांत मोटार वळणें घेऊं लागली, म्हणजे मुलांस एक गोष्ट अवश्य सांगावी. इ. स. १८७५ सालीं मुरूडचा एक मुलगा सहावीच्या सरकारी परीक्षेसाठीं हाच घाट चढून साताऱ्यास पायीं गेला. शंभराहून अधिक मैलांची वाट तुडवून तो परीक्षकांपुढें उभा राहिला. परंतु वयानें लहान दिसतो, एवढ्याच कारणावरून त्यास परत पाठविण्यांत आलें. तोच पुढें महर्षि धोंडो केशव कर्वे म्हणून प्रसिद्धीस आला.

मुरूडास समुद्र दिसण्यापूर्वीं ऐकूं येतो. रस्त्याच्या दुतर्फा घरें, घरामागें नारळी-पोफळींचें आगर, आणि आगरापलीकडे अखंड गाज. इ. स. १७५५ त कमोडोर जेम्सनें तुळाजी आंग्र्यांपासून घेतलेला सुवर्णदुर्ग शेजारच्या हर्णैस समुद्रांत उभा आहे, तो पाहावाच. परंतु त्याआधीं गांवांतल्या दुर्गादेवीच्या देवळांत घटकाभर बसावें. तेथील लांकडी खांबांवरचें कोरीव काम प्रेक्षणीय आहे. ह्याच देवळांत शाळेचे सोमण गुरुजी गांवकऱ्यांस वर्तमानपत्रें वाचून दाखवावयास लावीत, आणि तें काम छोट्या धोंडूकडे असे. शिक्षकाच्या पेशांत जन्म गेलेल्या प्रस्तुत लेखकास खांबांवरील नक्षीपेक्षां ही हकीकत अधिक मोलाची वाटते. 'नेटिव्ह ओपिनियन' हें पत्र १८६४ सालीं काढणारे रावसाहेब विश्वनाथ नारायण मंडलीक हेही मुरूडचेच; त्यांचा जन्म १८३३ चा. पुढें मुंबईस गेल्यावर कर्व्यांनीं 'मुरूड फंड' उभारला, तो गांवच्या शिक्षणाच्या कामीं आला.

एवढें सांगून थांबलें, तर मुलांस अर्धाच गांव दाखविल्यासारखें होईल. प्रथम पत्नीच्या निधनानंतर कर्व्यांनीं ११ मार्च १८९३ रोजीं गोदूबाई ह्या विधवेशीं पुनर्विवाह केला. विधवाविवाहास कायद्याची संमति मिळून तेव्हां ३६ वर्षांहून अधिक काळ लोटला होता. तरीही मुरूडकरांनीं सभा भरवून त्यांच्यावर बहिष्कार घातला. ते घरीं आले, तर त्यांच्या मातोश्री व वडील बंधू ह्यांनाही तोच दंड होता. ज्याच्या मुखानें गांवानें जगाची वार्ता ऐकली, त्याच्यासाठीं गांवानें दारें लावून घेतलीं!

हे गांवकरी कांहीं दुष्ट नव्हते. तुमच्या-आमच्या आजोबा-पणजोबांसारखींच तीं पापभीरु, अतिथीस शहाळें दिल्यावांचून न सोडणारीं माणसें होतीं. म्हणूनच ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. आमच्या बावड्यांतील लक्ष्मीविलास राजवाड्यांत १८७४ सालीं जन्मलेल्या शाहू छत्रपतींनीं १९१७ त आपल्या संस्थानांत पुनर्विवाहाचा कायदा केला. परंतु कायदा माणसास उंबरठ्यापर्यंत आणून सोडतो. आंतली कडी काढणें हें घरच्यांचें काम. कर्व्यांना १९५८ सालीं, त्यांच्या शंभराव्या वर्षीं, भारतरत्न मिळालें. आज मुरूडांत त्यांचें स्मारक उभें आहे. स्मारक उभारणें हें भूषणास्पदच. पण तें कडी काढण्याइतकें कठीण खास नव्हे.

जाणारांस दोन व्यावहारिक सूचना. उतरण्यास शक्य तर गांवांतलेंच एखादें घर पाहावें, म्हणजे ताटांत सोलकढी आणि कानीं गांवच्या गोष्टी, दोन्ही पडतील. मोटार वाळूवर नेऊं नये, व आपल्या गाण्या-बजावण्यानें गाज बुडवूं नये. ही शांतता तेथील लोकांच्या घरची आहे.

संध्याकाळीं मुलें वाळूंत किल्ले करूं लागलीं, कीं वडील मंडळींनीं जरा बाजूस बसावें. आपल्याही घरांत, लग्नामुळें म्हणा वा मतभेदामुळें म्हणा, कोणाचें नांव आमंत्रणांच्या यादींतून वर्षानुवर्षें गाळलें जात आहे काय, हें मनाशीं आठवावें. आणि तसें असेल, तर परत आल्यावर पहिलें पत्र त्यालाच लिहावें.