चार सेंटिमीटरचा पंखा

मागच्या महिन्यात आमचा भाचा मोबाइलवर एका मदरबोर्डाचे फोटो घेऊन आला. “खाला, सेकंडहॅण्ड आहे, पण टॉपचा आहे. घेऊ का?” फोटोत बोर्डाच्या खालच्या बाजूला एक इवलासा पंखा होता. आम्ही विचारले, “हा चालू असताना ऐकलास का?” ऐकला नव्हता.

बोर्ड एक्स५७० चिपसेटचा. एएमडीने जुलै २०१९ मध्ये तो रायझन ३००० प्रोसेसरबरोबर आणला. पीसीआय एक्सप्रेसची चौथी पिढी त्यात होती, म्हणजे ग्राफिक्स कार्ड आणि एसएसडीकडे जाणारा रस्ता तिसरीपेक्षा दुप्पट वेगाचा. वेग वाढला तशी चिपही तापू लागली. आधीच्या एक्स४७०चे सहाएक वॉटमध्ये भागत असे. याला सुमारे ११ वॉट लागतात. एका एलईडी बल्बइतकेच ते; पण उष्णता निघते एवढ्याशा चिपमधून, आणि चिप बसते नेमकी ग्राफिक्स कार्डाच्या खाली. तिथे उंच हीटसिंक मावत नाही, वर कार्डाची गरम हवा. म्हणून बहुतेक कंपन्यांनी छोटा पंखा लावला.

आता वर्गातले गणित. पंख्याचा व्यास ४ सेंटिमीटर. कॅबिनेटच्या नेहमीच्या पंख्याचा १२. व्यास तिप्पट, क्षेत्रफळ नऊपट. तेवढीच हवा ढकलायची तर लहानग्याला कितीतरी जोरात फिरावे लागते. मोठ्या पंख्याचा आवाज ‘हूं’ असा पाठीमागे राहतो, छोट्याचा बारीक सूर कानात शिरतो. रात्री अभ्यासाला बसलेल्या मुलालाच नाही, शेजारी झोपलेल्या आजीलाही तो कळतो. (दोन खोल्यांच्या घरात ‘संगणकाची खोली’ वेगळी नसते, हे बोर्ड बनवणाऱ्यांना कोण सांगणार?) धूळ बसली, वंगण सुकले की सुराची घरघर होते. आमच्या घरच्या जुन्या संगणकात असाच एक पंखा दोन वर्षे घरघरला आणि एका उन्हाळ्यात बंद पडला. संगणक सारखा अडकायचा. आम्ही मात्र व्हायरस शोधत बसलो होतो.

पंख्याशिवाय होत नाही असे नाही. गिगाबाइटने २०१९ मध्येच एक बिनपंख्याचा एक्स५७० काढला, पण किंमत ७०० डॉलरच्या घरात. २०२१ मध्ये एक्स५७०एस नावाने बिनपंख्याचे आणखी बोर्ड आले. पंख्याचे काम त्यांत जास्त धातू करतो. शांतता हवी तर एकतर धातूचे पैसे मोजा, नाहीतर थोडा वेग सोडा.

आणि तो वेग भाच्याला लागतो का? त्याचे एक ग्राफिक्स कार्ड, एक एसएसडी. २०२०चा बी५५० बिनपंख्याचा. त्याचा चिपसेट तिसऱ्या पिढीचाच आहे, पण ग्राफिक्स कार्डाचा आणि पहिल्या एसएसडीचा रस्ता थेट प्रोसेसरमधून येतो. भाच्याच्या रायझन ५६००वर ते दोन्ही चौथ्या पिढीचेच चालतात. दोन-तीन वेगवान एसएसडी एकदम वापरणाऱ्यालाच फरक जाणवेल.

हे सगळे ऐकूनही त्याचा जीव त्या ‘टॉप’मध्येच. मग आम्ही सांगितले, विकणाऱ्याकडे जा, कॅबिनेट बंद करून अर्धा तास गेम चालव, खोलीतला पंखा बंद कर आणि ऐक. बायोसमध्ये त्या पंख्याचा वेग कमी करता येतो का, तेही बघ. तेवढाच पंखा बदलून मिळतो का, हे दुकानात विचार.

रविवारी जाऊन आला. “खाला, मच्छरासारखा वाजतो,” म्हणाला. बी५५०चे दर विचारायला सुरुवात झाली आहे.