कोमल रिषभावरचा आरोप

टीव्हीवर मुसलमान पात्र येण्याआधी त्याचा सूर येतो. पात्र अजून दाराबाहेर असतं, चेहरा दिसलेला नसतो, आणि मागे एक घुमणारा आवाज ‘आ’ लावतो. कोमल रिषभावरून शुद्ध गंधारावर सरकतो, परत खाली येऊन षड्जाला टेकतो. तीन स्वरांत काम होतं. सोफ्यावर बसलेल्या घराला कळतं, की आता काहीतरी काळंबेरं आहे. न्यूज चॅनेलवर सीमेपलीकडची बातमी असो, मालिकेतला तस्कर असो, ऐतिहासिक मालिकेतला सरदार असो, की एखाद्या मोहल्ल्याचं नुसतं दृश्य असो, सूर तोच. मी भिलाईत गेली पंचवीस वर्षं हार्मोनियम आणि गाणं शिकवतो. माझं म्हणणं सरळ आहे: टीव्हीनं एका स्वरांतराला आरोपी केलं आहे, आणि आपण कान देऊन साक्ष देतो आहोत.

आधी हे स्वरांतर कुणाचं ते पाहू. अरबी संगीतात त्याला हिजाझ म्हणतात. अरबस्तानातल्या एका प्रदेशाचं ते नाव. पण कोमल रिषभ आणि शुद्ध गंधार ही जोडी आपल्या भैरवाचीही आहे, कालिंगड्याचीही. आमचं शहर १९५५च्या भारत-सोव्हिएत करारानंतर पोलाद कारखान्याभोवती वसलं. एकाच गल्लीत तेलुगू, मल्याळी, बंगाली, ओडिया, पंजाबी, छत्तीसगढी आणि आम्ही मराठी. इथल्या तेलुगू घरातलं पोर कर्नाटक संगीत शिकायला बसलं, की त्याचा पहिला धडा मायामाळवगौळ रागात असतो. पुरंदरदासांनी घालून दिलेली रीत म्हणतात ती. त्या धड्यातला दुसरा स्वर कोमल रिषभ आणि तिसरा शुद्ध गंधार. म्हणजे टीव्ही ज्या सुरानं दहशतवादी ओळखायला शिकवतो, त्याच सुरानं दक्षिणेतलं मूल ‘सा रे ग म’ म्हणायला शिकतं.

आणखी जवळचं उदाहरण देतो. बसंत मुखारी या रागाला हिजाझ भैरव असंही नाव आहे. दक्षिणेच्या वकुळाभरणम् वरून तो हिंदुस्थानी मैफिलीत रुळवण्याचं श्रेय श्रीकृष्ण नारायण रातंजनकरांना देतात. मुंबईचा हा मराठी पंडित, भातखंड्यांचा शिष्य, आमच्या इथून जवळच्या खैरागढला इंदिरा कला संगीत विश्वविद्यालयाचा कुलगुरू होता. दक्षिणेचा मेळ, अरबी नावाशी सोयरीक, मराठी पंडित आणि छत्तीसगढचं विद्यापीठ, असा त्या रागाचा गोतावळा आहे. तिकडे ‘हावा नगिला’ हे ज्यू लोकांचं लग्नाबिग्नात नाचायचं गाणंही याच स्वरांतराभोवती फिरतं. मग या सुराचा पत्ता नेमका कुठला?

जाणकार म्हणतील, दोन्ही तंतोतंत एक नाहीत. बरोबर आहे. अरबी गायक हिजाझमधला रिषभ किंचित चढा आणि गंधार किंचित उतरता घेतो. आमच्या भैरवाचा रिषभ अतिकोमल आणि आंदोलित. हा फरकच तर ऐकण्यासारखा आहे. पण टीव्हीच्या स्टुडिओत हिजाझ वाजतो तो कीबोर्डवर, आणि कीबोर्ड दोघांनाही एकाच पट्टीवर बसवतो.

कीबोर्डचा दोष इथे संपत नाही. अरबी संगीतातले रास्त, बयाती हे रोजच्या वापरातले मकाम कोमल आणि शुद्ध यांच्या मधल्या स्वरांवर उभे असतात. ते स्वर बारा पट्ट्यांत बसत नाहीत. हिजाझ मात्र बसतो, निदान बसवता येतो. रात्री अकराला भाग पाठवायचा आहे, संध्याकाळी सातला पार्श्वसंगीत हवं आहे, अशा माणसाच्या बोटाला जे लागतं ते तो वाजवतो, किंवा तयार आवाजांच्या फोल्डरमधून ‘मिडल ईस्ट’ नावाचा तुकडा उचलतो. रागातला जिवंत स्वर पेटीवर निघत नाही म्हणून आकाशवाणीनं १९४०पासून हार्मोनियमला तीस वर्षं दारात उभं केलं नव्हतं. माझं पोट हार्मोनियमवर चालतं, त्यामुळे त्या बंदीचं कौतुक मी करणार नाही. पण तेव्हा निदान कुणाला तरी अर्ध्या श्रुतीची चाड होती. आज एका अख्ख्या संगीतपरंपरेची सही त्यातल्या एका तुकड्यावर, तोही पट्टीत ठोकून बसवलेला, खपवली जाते.

त्यातून ‘अरबी’ आणि ‘इस्लामी’ हे शब्द एकच समजायचे, ही दुसरी सोय. फैरूझ ही लेबनॉनची गायिका ख्रिस्ती घरातली. गुड फ्रायडेची स्तोत्रं ती अरबीत गाते. १९३२मध्ये कैरोत अरबी संगीताची मोठी परिषद भरली, तिथे इराकहून आलेल्या ताफ्यातले बहुतेक वादक ज्यू होते. उलट अजान आणि कुराणपठण यांना मुसलमान स्वतः संगीत म्हणतच नाहीत. टीव्हीला त्याच्याशी कर्तव्य नाही. अजानचा तुकडा तो मोहल्ल्याच्या दृश्यामागे भिंतीला कागद चिकटवावा तसा चिकटवतो. आमच्या सेक्टर ६ मधली जामा मशीद ‘या अल्लाह’ या अरबी अक्षरांच्या आकारात बांधलेली आहे. अरबी अक्षरं भिलाईकरांच्या रोजच्या रस्त्यावर उभी आहेत, त्यांना कुणी घाबरत नाही. तीच भाषा टीव्हीतून कानावर आली की मात्र अंगावर काटा यावा, अशी व्यवस्था केलेली असते.

दुसरा कप्पा गोड आहे. त्याचं नाव ‘सूफी’. रिअॅलिटी शोमध्ये एक भाग सूफी असतो. हिरवा प्रकाश, धूर, काळे कपडे, मागे तुर्कस्तानच्या मेवलेवी दरवेशांसारखे गरगरणारे नर्तक, गाण्याचे शब्द पंजाबी, मधूनमधून ‘मौला’. परीक्षक डोळे पुसतात. मला हे पहिल्या कप्प्याइतकंच खोटं वाटतं. भीती दाखवणारा मुसलमान आणि हात वर करून विरघळणारा मुसलमान, या दोघांच्या मध्ये जो राहतो, लग्नात वाजवतो, पोराला झोपवताना गुणगुणतो, फालतू प्रेमगीतं ऐकतो, त्याच्या संगीताला टीव्हीवर जागा नाही. बहरीनच्या मोती काढणाऱ्या खलाशांची गाणी आहेत. उम्म कुलसूमच्या महिन्यातून एकदा गुरुवारी रात्री रेडिओवरून होणाऱ्या मैफिली होत्या. त्यांत एक गाणं तास-तासभर चाले आणि एकेक ओळ श्रोते पुन्हा पुन्हा मागून घेत. ठुमरी ऐकलेल्या मराठी माणसाला ते ऐकायला दुभाषा लागणार नाही.

२०२३च्या ‘अॅनिमल’ सिनेमात खलनायकाचा प्रवेश एका जुन्या इराणी गाण्यावर होतो. ते प्रेमाचं, लाडाचं फार्सी गाणं. पुढे ते टीव्हीवर, वरातीत, रीलमध्ये सगळीकडे वाजलं. भिलाईत मी ज्याला ज्याला विचारलं, त्यानं ते अरबी आहे असं सांगितलं आणि डोक्यावर ग्लास ठेवून नाचून दाखवलं. गाणं आवडलं याचा मला आनंदच आहे. पण ते आपल्यापर्यंत आलं खलनायकाच्या मांडीवर बसून, भाषेचं नावही गमावून.

यावर एक उत्तर ठरलेलं असतं: ‘अहो, पार्श्वसंगीत म्हणजे संकेत. मृत्यूला सारंगी, तसं हे.’ सारंगीचंच बोलू या. राष्ट्रीय दुखवट्यात आकाशवाणी आणि दूरदर्शन सारंगी लावत राहिले. त्यातून एक पिढी अशी घडली, की सारंगी ऐकली की ‘कोण गेलं?’ असं विचारते. माणसाच्या गळ्याच्या सगळ्यांत जवळचं वाद्य, त्याच्या कपाळी सुतक लिहिलं गेलं. संकेत निरुपद्रवी असतात, असं ज्यांना वाटतं त्यांनी एखाद्या सारंगियाला विचारावं. आणि तिथे निदान वाद्यच बदनाम झालं होतं. इथे माणसं होतात.

कशी होतात ते माझ्या वर्गात दिसलं. तेरा-चौदा वर्षांची पोरं. त्यांतला एक मुसलमान मुलगा उशिरा यायचा. तो दारात दिसला की बाकीचे तो टीव्हीतला ‘आ’ लावायचे, अगदी सुरात, कारण मीच त्यांना सुरात गायला शिकवलं होतं. तोही हसायचा. त्याचं ते हसणं मला अजून टोचतं. काही महिन्यांनी त्यानं गाणं सोडलं, कारण ट्यूशनचं सांगितलं. त्याच वर्षी एका पालकांनी मला विनवलं, ‘सर, बसंत मुखारी नका ना शिकवू. घरी रियाज करतो तेव्हा ते पाकिस्तानचं म्युझिक वाटतं.’ गृहस्थ वाईट नव्हते. रोज सकाळी रेडिओवर भक्तिगीतं ऐकणारे, भैरवात डोलणारे. त्यांच्या मनाला कुणी काही पटवून दिलेलं नव्हतं. कानाला शिकवलं होतं. कानाशी वाद घालता येत नाही, म्हणून हा मार्ग इतका सोपा आहे.

आणि मराठी कानानं तरी हे शिकू नये. अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले. त्यांचे शिष्य सवाई गंधर्व, आणि त्यांचे भीमसेन. ज्या गळ्यातून आपण अभंग ऐकून कृतार्थ होतो त्याची वाट मिरजेच्या दर्ग्याजवळून जाते; तिथे खाँसाहेबांच्या स्मरणार्थ आजही उरुसात गवई गातात. शस्त्रं दुरुस्त करणाऱ्या मिरजेच्या शिकलगारांनी तंबोरे करायला घेतले, आणि घरोघरच्या मैफिली त्या तंबोऱ्यांवर उभ्या राहिल्या. हे सारं माहीत असलेला प्रेक्षक मराठी वाहिन्यांकडे आहे. तरी ऐतिहासिक मालिकेत आदिलशाही दरबार आला, की विजापूरचा सूर लागत नाही, तोच फोल्डरमधला तुकडा लागतो. त्याच विजापूरच्या गादीवर दुसरा इब्राहीम आदिलशाह बसत होता. त्यानं संगीतावर ‘किताब-ए-नवरस’ लिहिलं, आणि त्यात सरस्वतीचं स्तवन केलं.

शब्दाबद्दल तक्रार करता येते. निवेदक काय म्हणाला ते लिहून वाहिनीकडे, नियामकाकडे धाडता येतं. सुराचं काय लिहिणार? ‘कोमल रिषभ लावून बदनामी केली’ असा अर्ज कोण घेईल? म्हणूनच जे तोंडानं म्हणायची सोय नाही ते वाद्याकडून म्हणवून घेतलं जातं.

मागणी फार मोठी नाही. बातमीमागे संगीत नकोच. बातमीला ताल कशाला? मालिकेत परदेशी सूर वापरलात तर शेवटच्या पट्टीत भाषा, गायक आणि प्रदेश लिहा, जसं दागिन्यांच्या दुकानाचं नाव लिहिता. आणि नाट्यगीत, लावणी, अभंग यांचे भाग करणाऱ्या आमच्या गाण्याच्या स्पर्धांनी एकदा अरबी गाण्यांचा भाग करावा. धूर न सोडता, गरगरणारे न आणता, खाली मराठी अर्थ देऊन, आणि एक गाणं अखेरपर्यंत. माझ्याकडची तेलुगू पोरं तरी पहिल्या आलापालाच म्हणतील, हा तर आपला पहिला धडा.