मुखत्यारपत्रावरची घरे

सोडतीत घर लागलेला माणूस ताबा घेऊन वर्ष होते न होते तोच आपल्यापैकी कुणाच्या तरी कार्यालयात येऊन बसतो. मुलीचे लग्न, घरातले आजारपण, नाहीतर सरळ चढलेला भाव. म्हाडाचे घर पाच वर्षे विकता येत नाही हे त्याला ठाऊक असते, आणि आपल्याकडे त्यावर ‘तोडगा’ आहे हेही. मग कागदांचा संच तयार होतो : नोटरीसमोरचा करारनामा, पूर्ण रकमेची पावती, ताबापावती, कुलमुखत्यारपत्र आणि वर मृत्युपत्र. लिहून देणारा मधेच वारला तर मुखत्यारपत्र संपते, म्हणून हे मृत्युपत्र. ते तो हयातीत केव्हाही बदलू शकतो, हे मात्र पैसे मोजणाऱ्याला त्या दिवशी कुणी सांगत नाही.

या मार्गाने स्थावर मालमत्तेची मालकी मिळत नाही, त्याला नोंदणीकृत खरेदीखतच लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने ‘सूरज लॅम्प’ निकालात 2011 मध्येच सांगितले. काही वकीलमित्र करार कायद्याच्या कलम 202 कडे बोट दाखवतात : मुखत्याराचा मालमत्तेत स्वतःचा हितसंबंध असेल, तर मुखत्यारपत्र मृत्यूनेही संपत नाही. पण तो हितसंबंधच बंदी असलेल्या व्यवहारातून आलेला असेल, तर कलम 23 पुढे त्याचा टिकाव कसा लागणार? अशिलाची जन्माची पुंजी लावावी इतका भक्कम हा युक्तिवाद आम्हाला वाटत नाही.

झळ लागते ती मुदत संपल्यावर. मिळकत व्यवस्थापकाकडचा अर्ज मूळ लाभार्थ्याच्या सहीनेच जायचा असतो, सोसायटीच्या भाग दाखल्यावर नाव त्याचेच, आणि त्याला आता घराचा आजचा भाव कळलेला असतो. सहीसाठी तो आणखी पैसे मागतो. तो हयात नसेल, तर वारस मागतात. घेणाऱ्याने तक्रार करावी तर स्वतःच मोडलेली अट उघडी पडते.

अशी विक्रीबंदी इतरत्रही आहे. सिंगापूरच्या गृहनिर्माण मंडळाने 1971 मध्ये तीन वर्षे राहिलेल्यांना सदनिका खुल्या बाजारात विकू दिली; 1973 मध्ये मुदत पाच वर्षांची केली. तिथे मोजतात ते प्रत्यक्ष राहणे. पूर्ण सदनिका भाड्याने दिली, तर तो काळ धरत नाहीत. मोक्याच्या जागी अलीकडे बांधलेल्या सदनिकांना दहा वर्षांची अट आहे, आणि पुढे विकताना अनुदानाचा काही हिस्साही परत घेतला जातो. आपल्याकडे चर्चा होते ती मुदत किती असावी एवढीच. आमची सूचना वेगळी आहे : खरोखर अडलेल्या लाभार्थ्याला मुदतीआधी घर म्हाडाच्या मंडळाकडे परत देऊन रास्त रक्कम घेण्याची सोपी वाट हवी. ती सापडत नाही, म्हणून तो नोटरीकडे जातो.

तोवर असा अशील आला, तर आधी त्याचे वाटपपत्र मागून घ्या. मुदत वाटपापासून मोजायची की ताब्यापासून, हे त्यातल्या अटींवरून ठरवा. पैशांची तातडी असेल तर मंडळाच्या परवानगीने घर भाड्याने देता येईल का, ते पाहा. मुदत संपल्यावर क्रम सरळ आहे : ना-हरकत, हस्तांतरण शुल्क, मग नोंदणी. प्राप्तिकराचा हिशेब मात्र वेगळा. कर्जाच्या मुद्दलावर कलम 80-सी ची वजावट घेतलेली असेल, तर तिथली पाच वर्षे ताबा मिळालेल्या आर्थिक वर्षाच्या अखेरीपासून धरतात. त्याआधी विकल्यास घेतलेली वजावट विक्रीच्या वर्षी उत्पन्नात परत मिळवली जाते. म्हाडाची मुदत संपली तरी ही मुदत काही महिने उरलेली असू शकते.