दुसऱ्या गोलकीपरचं काय?

कॉलेजच्या टीमचा ग्रुप फोटो मोबाइलमध्ये असेल तर जरा उघडा. हॉकी, फुटबॉल, हँडबॉल, कुठलाही चालेल. वेगळ्या रंगाची जर्सी घातलेले दोघे दिसतील. एक गोलकीपर खेळला. दुसऱ्याने स्पर्धाभर पाण्याच्या बाटल्या भरल्या, वॉर्म-अपमध्ये शॉट अडवले, बॅगा सांभाळल्या आणि शेवटी सगळ्यांबरोबर हसून फोटो काढला. पहिल्याचं नाव तुम्हाला लगेच आठवेल. दुसऱ्याचं?

फॉरवर्ड बेंचवर असला तरी शेवटची दहा मिनिटं तरी आत जातो. गोलकीपरचं तसं नाही. जागा एकच. पहिल्याला दुखापत झाली किंवा त्याचा दिवस पारच बिघडला, तरच दुसऱ्याचा नंबर लागतो. म्हणजे मित्राचं वाईट झालं तर आपलं भलं, आणि तरीही रोज त्याच मित्राला सरावात मदत करायची. अवघड काम आहे. या कामावर अख्खं करिअर काढलेल्या एका माणसाची गोष्ट आज सांगायची आहे. ती आपल्या जिल्ह्यातल्या प्रत्येक ‘राखीव’ पोरापोरींच्या कामाची आहे.

मायकेल लेटन हा कॅनडाचा. खेळ आइस हॉकी. मैदान बर्फाचं, पायात स्केट्स आणि चेंडूऐवजी रबराची चपटी चकती, जिला ‘पक’ म्हणतात. जोरात मारलेला पक ताशी दीडशे किलोमीटरच्या वेगानेही येतो. तो अडवायला जाळीसमोर एकच माणूस. अमेरिका-कॅनडातल्या नॅशनल हॉकी लीगमध्ये, म्हणजे ‘एनएचएल’मध्ये, आज ३२ संघ आहेत आणि सामन्याला प्रत्येक संघाचे दोन गोलकीपर तयार असतात. म्हणजे एका वेळी सगळ्या मिळून ६४ जागा, आणि त्यातले निम्मे बाकावर.

१९९९ मध्ये शिकागो ब्लॅकहॉक्सने लेटनला निवडलं, तेही सहाव्या फेरीत, १६५ व्या क्रमांकावर. पुढची वर्षं त्याने बॅग भरण्यात आणि उघडण्यात घालवली. शिकागो, नॅशव्हिल, फिलाडेल्फिया, कॅरोलिना. मधल्या काळात पुन्हा पुन्हा खालच्या लीगमध्ये. तिथे एक पद्धत आहे. संघाला खेळाडू नकोसा झाला की त्याचं नाव एका यादीत टाकतात, आणि दुसऱ्या कुणाला हवा असेल तर त्याने उचलायचा. डिसेंबर २००९ मध्ये कॅरोलिनाने लेटनचं नाव असंच यादीत टाकलं. फिलाडेल्फियाचा मुख्य गोलकीपर जखमी होता, म्हणून त्यांनी त्याला उचललं.

मार्चमध्ये तो स्वतःच जखमी झाला. मे महिन्यात फिलाडेल्फिया बोस्टनविरुद्धच्या मालिकेत ०-३ ने मागे पडली. चौथा सामना कसाबसा जिंकला. पाचव्या सामन्यात त्या वेळचा गोलकीपर जायबंदी झाला आणि नुकता बरा झालेला लेटन बाकावरून उठून आत गेला. फिलाडेल्फियाने मालिका ४-३ ने जिंकली. पुढच्या फेरीत माँट्रियलविरुद्ध पाचपैकी तीन सामन्यांत त्याने एकही गोल होऊ दिला नाही. सहा महिन्यांपूर्वी ज्याला सोडून दिलं होतं, तो आता स्टॅनली कपच्या अंतिम मालिकेत उभा होता. समोर कोण? शिकागो. ज्यांनी त्याला अकरा वर्षांपूर्वी निवडलं होतं, तेच.

९ जून २०१० च्या रात्री जादा वेळेत शिकागोच्या पॅट्रिक केनने अगदी बाजूच्या कोनातून पक मारला. तो लेटनच्या पायाखालून आत गेला आणि जाळीत असा अडकला की गोल झालाय हे क्षणभर केनशिवाय कुणालाच कळलं नाही. शिकागोने कप जिंकला. पुढच्या हंगामात लेटन बहुतेक वेळ पुन्हा खालच्या लीगमध्ये होता.

आपल्याकडे गोष्ट इथे संपवतात. ‘बिचाऱ्याचं नशीब’ म्हणतात आणि विषय बदलतात. पण लेटन खेळत राहिला. २०१६ मध्ये त्याने अमेरिकन हॉकी लीग या दुसऱ्या पातळीच्या लीगमध्ये सर्वाधिक सामने एकही गोल न खाता काढण्याचा विक्रम केला. तो विक्रम त्याआधी अनेक दशकं जॉनी बोवर या दिग्गजाच्या नावावर होता.

अशा खेळाडूला इंग्रजीत ‘जर्नीमन’ म्हणतात. हातात कसब आहे, पण स्वतःचं दुकान नाही. काम मिळेल तिथे जाणारा कारागीर. आपल्याकडे हा शब्द टोमण्यासारखा वापरला जाईल. एकदा नीट बघा मात्र. लेटनचा विक्रम वरच्या लीगच्या बाकावर बसून झालेला नाही. खालच्या लीगमध्ये प्रत्यक्ष सामने खेळून झालेला आहे.

‘कॅनडातल्या बर्फाचं आम्हाला काय,’ असं म्हणाल. मग क्रिकेटकडे या. आपल्याकडे एकच जागा असलेला माणूस म्हणजे विकेटकीपर. मुंबईचे चंद्रकांत पंडित उत्तम कीपर होते, उत्तम फलंदाजही. पण त्याच काळात बडोद्याचे किरण मोरे होते. मोरेंनी ४९ कसोटी सामने खेळले, पंडितांनी ५. त्यातही कधी निव्वळ फलंदाज म्हणून खेळावं लागलं. १९८७ च्या वर्ल्ड कपमध्ये वानखेडेवरच्या सेमीफायनलला त्यांना संधी मिळाली, ती वेंगसरकर आजारी पडले म्हणून.

पंडित वाट बघत बसले नाहीत. प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये धावा करत राहिले, आठ हजारांहून जास्त. पुढे मुंबई सोडून मध्य प्रदेशकडे गेले. त्यांच्या कप्तानीत मध्य प्रदेशने १९९८-९९ च्या रणजी फायनलमध्ये बंगळुरूला पहिल्या डावाची आघाडी घेतली आणि शेवटच्या दिवशी सामना गमावला. नंतर प्रशिक्षक झाले. ज्या विदर्भाकडून कुणाची अपेक्षा नव्हती, त्याला २०१७-१८ आणि २०१८-१९ असं लागोपाठ दोनदा रणजी विजेतं केलं. आणि जून २०२२ मध्ये त्याच बंगळुरूच्या मैदानावर त्यांच्या मध्य प्रदेशने मुंबईला हरवून पहिल्यांदा रणजी करंडक जिंकला. पाच कसोटींचा हिशेब मांडणाऱ्याला हे करिअर दिसणारच नाही.

आता आपल्या जिल्ह्यात या. संगमनेर तालुक्यातल्या आश्वी खुर्दचा अजिंक्य रहाणे. नोव्हेंबर २०११ मध्ये तो कसोटी संघात निवडला गेला. पहिली कसोटी खेळला मार्च २०१३ मध्ये, दिल्लीत. मधली सोळा महिने ड्रिंक्स आणि राखीव क्षेत्ररक्षण. पण त्याच काळात तो मुंबईकडून आणि आयपीएलमध्ये राजस्थानकडून खेळत होता. २०१२ च्या आयपीएलमध्ये त्याने शतकही ठोकलं. इतकी वाट पाहून मिळालेल्या कसोटीत धावा किती? ७ आणि १. खरी उत्तरं त्याने डिसेंबरमध्ये दक्षिण आफ्रिकेत दिली. दरबानला नाबाद ५१ आणि ९६.

या तिघांची तुलना करायची नाही. रहाणे भारताचा कप्तान झाला, लेटनचं नाव तुम्ही आज पहिल्यांदा ऐकलं. पण तिघांत एक गोष्ट सारखी आहे. वर जागा नव्हती तेव्हा तिघेही खाली कुठेतरी खेळत होते. नुसतं थांबणं कुणीच केलं नाही.

आम्हाला हे इथे का सांगावंसं वाटतं? कारण आपल्याकडे थांबण्याचं फार कौतुक होतं. ‘धीर धर, तुझाही नंबर लागेल,’ हे वाक्य कोच म्हणतात, घरचे म्हणतात, क्लासवाले तर फारच म्हणतात. टीवायनंतर नगर सोडून पुण्याच्या अभ्यासिकेत चार-पाच वर्षं काढणारे किती मित्र तुमच्या ओळखीत आहेत, मोजा. दोन मार्कांनी गेलेली पोस्ट, प्रतीक्षा यादीतलं नाव, पुढच्या वर्षी नक्की. हाही बाकच आहे. तिथे बसण्यात कमीपणा काहीच नाही. धोका एवढाच की बसून बसून हात गंजतात आणि ते आपल्याला कळत नाही.

म्हणून वाट बघायचीच असेल तर हातात काहीतरी चालू ठेवून बघा. कॉलेजच्या पहिल्या संघात जागा नसेल तर तालुक्याच्या क्लबकडून खेळा. अंडर-फोर्टीनच्या पोरांना कीपिंग शिकवा. अभ्यास चालू असेल तर सोबत अर्धवेळ काम धरा, एखादं कौशल्य पुरं करा. आणि बाकावर किती दिवस बसायचं ती तारीख आजच वहीत लिहून ठेवा. तारीख आली की संघ बदलायचा. संघ बदलणं म्हणजे हार नव्हे. पंडितांना विचारा.

एक मागणी कॉलेजांकडेही आहे. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांचे दिवस आले की सगळ्यांचं लक्ष पहिल्या अकरांवर जातं. क्रीडा शिक्षकांनी साखळीतला निदान एक सामना दुसऱ्या गोलकीपरला द्यावा. सामना सोपा असो, निकाल आधीच ठरलेला असो, चालेल. ज्याने वर्षभरात एकही खरा शॉट अडवलेला नाही, त्याला फायनलच्या शेवटच्या मिनिटाला आत ढकलायचं आणि गोल खाल्ला की बोल लावायचा, हा अन्याय आहे. शक्य तिथे ब संघ उभा करा, वाडिया पार्कवर शेजारच्या कॉलेजशी मैत्रीचे सामने लावा. त्याला फार पैसा लागत नाही.

आणि तुम्ही पहिले गोलकीपर असाल तर तुमच्यासाठीही एक काम आहे. उद्या सराव संपला की दहा मिनिटं जास्त थांबा. जाळीत त्याला उभं करा आणि शॉट तुम्ही मारा.