गाडी सरळ झाली, पण वाकलं काय होतं?



आज डिझेलचा किंवा जाळ्यांचा विषय नाही. आज दुचाकीबद्दल बोलायचं आहे. जेटीवरून डिचोली, सत्तरी, पेडण्याच्या वाड्यावाड्यांत दारापर्यंत मासळी जाते ती मोटारसायकलच्या मागच्या पेटीतून. पहाटेचा काळोख, ओला रस्ता, वळणावर बसलेली गुरं आणि मागे बर्फासकट भरलेली पेटी. वर्षभरात आपल्यातला कोण ना कोण पडतोच. माणूस धड असला की आपण देवाला नारळ ठेवतो, गाडी गॅरेजात जाते आणि संध्याकाळी परतही येते. दुसऱ्या दिवशी पहाटे तीच गाडी, तीच पेटी.

मला बोलायचं आहे ते या "संध्याकाळी परत" बद्दल.

माझं मत असं आहे की आपण पडलेल्या गाडीला चुकीचा प्रश्न विचारतो. आपण विचारतो, "चालू होते ना? हँडल सरळ झालं ना?" विचारायला हवं, "वाकलं काय होतं?" या प्रश्नाचं उत्तर मिळत नाही तोपर्यंत मेकॅनिकला पैसे देऊ नयेत आणि गाडीवर पेटी बांधू नये.

होडीच्या बाबतीत आपण असं करतो का? होडी खडकाला घासली तर इंजिन चालू होतं म्हणून कोणी परत पाण्यात ढकलत नाही. वर ओढतो, उलटीपालटी करून तळ बघतो, फायबरवर बोटांनी ठोकून आवाज ऐकतो. बारीक रेघ दिसली तरी चार जणांना दाखवतो. कारण पाण्यात गेल्यावर काय होतं ते आपल्याला ठाऊक आहे. रस्त्यावर साठच्या वेगात पुढचं चाक फिरलं तर काय होतं, तेही ठाऊक आहे, पण तिथे आपण डोळेझाक करतो.

आता हँडलचंच घ्या. गाडी पडली, हँडल एका बाजूला आणि चाक दुसऱ्या बाजूला. गॅरेजात पोरगा पुढचं चाक दोन गुडघ्यांत धरतो, हँडलला एक हिसका देतो, झालं सरळ! पण हँडल तिरकं दिसण्याची कारणं चार असू शकतात. एक, नुसता हँडलचा पाइप वाकला. दोन, फोर्कचे दोन्ही पाइप ज्या टीमध्ये आवळलेले असतात त्या टीत ते थोडे फिरले. तीन, फोर्कचा पाइप किंवा टी वाकला. चार, चेसिसच वाकली. पहिल्यात हँडल बदलायचं, ते स्वस्त काम. दुसऱ्यात टीचे आणि एक्सलचे बोल्ट सैल करून फोर्क सरळ बसवायचे आणि परत आवळायचे, पार्ट काहीच लागत नाही. तिसऱ्या-चौथ्यात मात्र खेळ संपला, तिथे हिसका देऊन काही होत नाही. आणि चारही ठिकाणी हिसका दिल्यावर गाडी दिसायला सारखीच सरळ दिसते. म्हणून तो हिसका मला नको आहे.

फोर्क वाकलाय की नाही हे कसं कळणार? पाइप काढून सपाट काचेवर लोळवायचा, वाकलेला असला तर लगेच उड्या मारतो. कंपन्यांच्या सर्व्हिस पुस्तकांत वाकलेला पाइप सरळ करू नका, बदला, असं लिहिलेलं असतं, कारण एकदा वाकून परत सरळ केलेलं लोखंड तिथेच कमजोर होतं. आपल्याकडे मात्र तो प्रेसवर सरळ करून देतात आणि वर "नव्यासारखा" म्हणतात.

चेसिससाठी तर आपल्याला गॅरेजची पण गरज नाही, तंगूस पुरे. चेन ताणायच्या खुणा मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना सारख्या आहेत ना ते आधी बघा. मग गाडी मेन स्टँडवर घेऊन मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंनी वीतभर उंचीवर तंगूस ताणून पुढच्या चाकाच्या पुढे न्या. मागच्या टायरच्या दोन्ही कडांना तो नुसता टेकला पाहिजे. सायलेन्सर आड येत असेल तर थोडा खाली घ्या. आता पुढचं चाक सरळ धरून दोन्हीकडची फट मोजा. पुढचा टायर बारीक असतो, त्यामुळे फट राहणारच, पण ती डावी-उजवीकडे सारखी हवी. सारखी नसेल तर कुठेतरी काहीतरी वाकलेलं आहे, मग मेकॅनिक काहीही म्हणो. सरळ रेघ धरून जाळं विणणाऱ्याला हे शिकवायला नको.

टाकी काढून हँडलच्या मागचा वेल्डिंगचा जोड बघितल्याशिवाय गाडी पास करू नका. समोरून धक्का बसला की तिथे रंग तडकतो, पापुद्रा उठतो किंवा पत्र्याला सुरकुती पडते. म्हणूनच, आधी तपासणी आणि मग रंग. ज्या गॅरेजात आधी रंग मारतात तिथे तड लपते. आपल्या गाड्यांना तर दुहेरी त्रास आहे. पेटीतून गळणारं मिठाचं पाणी मागच्या चेसिसवर, चिमट्यावर, ब्रेकवर रोज पडतं. गंजलेल्या लोखंडाला जो धक्का सोसत नाही तो धड लोखंडाला सोसतो. भरलेल्या पेटीसकट गाडी पडली असेल तर कॅरियरचे जोड आणि त्याखालची चेसिस नीट बघाच.

गाडी पडल्या जागी काय करावं, तेही सांगतो. आधी माणूस, मग गाडी. चावी बंद, पेट्रोल गळतंय का बघायचं. फोटो काढायचे. गाडी आडवी पडून राहिली असेल तर लगेच किका मारू नका. आधी इंजिन ऑइल बघा. आडव्या गाडीतलं ऑइल एअर फिल्टरच्या डब्यात जाऊ शकतं. नव्या इंजेक्शनच्या बऱ्याच गाड्यांत गाडी पडली की सेन्सर इंजिन बंद करतो, चावी बंद करून परत चालू केली की सुटतो. त्यात बिघाड झाला असं समजून कोणी वायरी तोडू नयेत. बऱ्याच छोट्या गाड्यांत फूटरेस्टची पट्टी इंजिनच्या खाली बोल्टने बसवलेली असते. फूटरेस्ट वाकला म्हणजे धक्का इंजिनच्या खोक्याला बसला. खाली हात फिरवून ऑइल लागतं का बघा. तेच ऑइल मागच्या टायरवर आलं तर दुसऱ्यांदा पडायला गुरं लागत नाहीत.

चाकाचं म्हणाल तर ते उचलून फिरवा आणि फोर्कला काडी टेकवून रिम किती हलते ते बघा. साधारण २ मिलिमीटरपेक्षा जास्त डुलत असेल तर काम हवं. तारांचं चाक कारागीर सरळ करू शकतो. अलॉयला तड गेली असेल तर वेल्डिंग करून घेऊ नका, चाक बदला. मग पुढचं चाक हवेत ठेवून हँडल सावकाश डावी-उजवीकडे फिरवा. मधोमध कुठे अडकल्यासारखं वाटलं तर कोनसेट गेला. ब्रेकचा वाकलेला लिव्हर हाताने सरळ केला तर तो एक दिवस ऐन ब्रेकच्या वेळी हातात येईल. तो बदलायला फारसे पैसे लागत नाहीत.

आता यावर आपलेच लोक काय म्हणतात ते मला माहीत आहे. "सेक्रेटरी, बोलायला सोपं आहे. गाडी दोन दिवस उभी राहिली तर गिऱ्हाईक दुसऱ्याकडे जातं." बरोबर आहे. रोजचा धंदा आहे, महिन्याचा पगार नाही. आणि शोरूममध्ये गेलं तर नको ते पार्ट बदलून लांबलचक बिल देतात ही तक्रारही खोटी नाही. म्हणूनच मी "सगळं नवीन घाला" म्हणत नाही. मी म्हणतो, खर्चाचा क्रम बदला. टाकीचा पोचा, मडगार्ड, स्टिकर, आरसा सोडून बाकीचा दिखावा राहू दे सहा महिने. पोचलेल्या टाकीने कोणी मरत नाही. पहिला पैसा फोर्क, कोनसेट, चाक, ब्रेक, चेसिस यांना. आपण बरोबर उलटं करतो, कारण पोचा लोकांना दिसतो आणि कोनसेट दिसत नाही.

हेल्मेटला मात्र उधारी नाही. पडताना आपटलेलं हेल्मेट वरून ठीक दिसलं तरी आतला थर्माकोल एकदा दाबला की परत फुगत नाही. ते मोडीत काढा. १ जून २०२१ पासून देशात आयएसआय खुणेशिवाय दुचाकीचं हेल्मेट विकायला बंदी आहे. रस्त्याकडेच्या टोपीसारख्या वस्तूला हेल्मेट म्हणू नका.

विम्याचंही थोडं. नुसता थर्ड पार्टी असेल तर आपल्या गाडीच्या दुरुस्तीला त्यातून काही मिळत नाही. पूर्ण विमा असेल तर गाडी खोलण्याआधी कंपनीला कळवा. आधी खोललं तर नुकसान दाखवणार कसं? तसंच सगळे पैसे मिळतील असं धरून चालू नका. साध्या पॉलिसीत रबर, प्लास्टिक, बॅटरी यांचे ५० टक्के कापतात, धातूच्या पार्टचे गाडीच्या वयाप्रमाणे. दुरुस्तीचा खर्च विम्याच्या ठरलेल्या रकमेच्या ७५ टक्क्यांवर गेला तर गाडी पूर्ण बाद धरतात. त्या वेळी हट्टाने गाडी उभी करण्यापेक्षा बाद होऊ देणं शहाणपणाचं. आणि वापराच्या अटी वाचून घ्या, धंद्याच्या मालाबद्दल काय लिहिलंय ते आधीच विचारा.

शेवटी एक सूचना. हे माझं वैयक्तिक मत आहे, संचालक मंडळाचा ठराव नाही. संस्थेकडे तातडीच्या उचलीसाठी जे अर्ज येतात त्यांत गाडी दुरुस्तीचे असतातच. आज आपण बिल बघतो आणि पैसे देतो. यापुढे बिलासोबत अर्ध्या पानाचा कागद मागावा असं मला वाटतं. त्यावर मेकॅनिकने सही करून लिहावं : फोर्क, टी आणि कोनसेट, चेसिस, दोन्ही चाकं, ब्रेक, इंजिनचा खालचा भाग. सहा गोष्टी, प्रत्येकीपुढे "बघितलं, ठीक" किंवा "वाकलं होतं, बदललं". काही सभासदांना हा जाच वाटेल, काही मेकॅनिक सही करणार नाहीत. जो सही करत नाही त्याने बघितलं नाही, असं मी समजतो. निदान तेवढं तरी कळेल.

दुरुस्तीनंतर पहिली फेरी उजेडात, रिकाम्या गाडीने, ओळखीच्या सपाट रस्त्यावर मारा. हात सोडू नका, फक्त पकड सैल करा. गाडी एका बाजूला ओढते का, वेग उतरताना हँडल थरथरतं का, ब्रेक दाबल्यावर तोंड फिरवते का, ते बघा. मागे पेटी चढली की पुढचं चाक हलकं होतं आणि रिकामी असताना जी थरथर जेमतेम जाणवते ती भरल्या गाडीत अंगावर येते. आठवड्याने सगळे बोल्ट परत आवळून घ्या. १ जून ते ३१ जुलै बंदीच्या काळात होड्या वर काढतो तेव्हा एक दिवस गाडीलाही द्या. जुनं पडलेलं, विसरलेलं काहीतरी सापडेलच.

कागदाच्या सूचनेबद्दल तुमचं काय मत आहे ते खाली लिहा. विरोध असला तरी लिहा. येत्या सभेत विषय मांडायचा की नाही, ते त्यावरून ठरवू.

आपला,
सचिव