उत्तर आले, पुढे काय?

23 ऑगस्ट 2023 च्या सायंकाळी ‘विक्रम’ चंद्रावर उतरत असताना देशभरातील पडद्यांवर उंची आणि वेग यांचे आकडे सरकत होते. अकरावीच्या भौतिकशास्त्रातील गतीचे प्रकरण जणू आकाशात उलगडत होते. पुढे त्या यशाचा गौरव शाळाशाळांतून झाला. त्या आकड्यांचे उदाहरण मात्र फारच थोड्या फळ्यांवर मांडले गेले असावे.

ते आता मांडून पाहू. नियोजनानुसार उतरण्याच्या पहिल्या टप्प्यात, 690 सेकंदांत, यानाचा आडवा वेग सेकंदाला 1680 मीटरवरून 358 मीटरवर यायचा होता. वेगातील घट भागिले वेळ: ऋण त्वरण सुमारे 1.9 मीटर प्रति सेकंद वर्ग. सरासरी वेग गुणिले वेळ: अंतर सुमारे 703 किलोमीटर. नियोजनातील अंतर होते सुमारे 713 किलोमीटर. हे दहा किलोमीटर कुठून आले?

खरा अभ्यास या प्रश्नापासून सुरू होतो. आपण त्वरण एकसमान धरले. पण इंधन जळत जाते, यान हलके होते आणि तेवढाच जोर शेवटी वेग अधिक झपाट्याने घटवतो. म्हणजे यान आरंभी आपल्या अंदाजापेक्षा अधिक काळ वेगात राहते आणि अधिक अंतर कापते. फरकामागची इतर कारणे बाजूला ठेवली, तरी त्याची दिशा एवढ्या विचारातून कळते. मग संवेगाचा प्रश्न: यानाने गमावलेला संवेग गेला कुठे? चंद्रावर हवा नाही, त्यामुळे हवाई छत्रीचा उपयोग नाही. तो संवेग इंजिनांनी पुढच्या दिशेने फेकलेल्या वायूने वाहून नेला. संवेगाच्या अक्षय्यतेचा नियम घोकलेल्या विद्यार्थ्याला हे वाक्य स्वतःहून सुचते का, हीच त्याची कसोटी.

आपल्या परीक्षांत या कसोटीला जागा नाही. ‘नीट’मध्ये 180 मिनिटांत 180 प्रश्न सोडवायचे असतात. मिनिटाला एक प्रश्न, म्हणजे सूत्र आठवायचे, आकडे घालायचे, पर्यायाशी जुळवायचे आणि पुढे जायचे. वीस लाखांहून अधिक उमेदवारांचे मूल्यमापन यंत्राविना अशक्य आहे, हे मान्य. परंतु परीक्षेची ही अडचण वर्गाची अध्यापनपद्धती कशी काय झाली? दोन वर्षे वर्गात रोज तीच परीक्षा घ्यायची आणि त्याला शिकवणे म्हणायचे, हे मला मान्य नाही.

याची किंमत केवळ गुणांत मोजता येत नाही. 26 डिसेंबर 2004 रोजी सकाळी साडेसहाच्या सुमारास सुमात्राजवळ समुद्रतळ हादरला. भूकंपाचा भ्रंश उत्तरेला निकोबार-अंदमानपर्यंत फाटत गेला. निकोबारजवळच्या त्याच्या भागापासून तमिळनाडूचा किनारा सुमारे 1500 किलोमीटर. समुद्राच्या खोलीहून कितीतरी पट लांब असलेल्या लाटेचा वेग म्हणजे गुरुत्वत्वरण आणि खोली यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ. एकके तपासा: मीटर वर्ग भागिले सेकंद वर्ग, त्याचे वर्गमूळ मीटर प्रति सेकंद. खोली 3000 मीटर धरली तर वेग सेकंदाला सुमारे 171 मीटर, म्हणजे ताशी सुमारे 617 किलोमीटर. लाटेला लागणारा वेळ सुमारे अडीच तास. लाटा नऊच्या सुमारास किनाऱ्यावर आदळल्या.

हे गणित चार ओळींचे आहे. अंदमान-निकोबारला तेवढाही अवधी मिळाला नाही. मुख्य भूमीच्या किनाऱ्याला मिळाला, पण तो वापरणारी यंत्रणा आपल्याकडे नव्हती. भारतात दहा हजारांहून अधिक माणसे गेली. 2007 मध्ये हैदराबादला त्सुनामी पूर्वसूचना केंद्र सुरू झाले. आज इशारा वेळेत देता येतो. पण ज्याच्यापर्यंत तो पोहोचतो, त्याला ‘अडीच तास’ म्हणजे काय हे उमगले पाहिजे. किनाऱ्याजवळ, दहा मीटर खोलीत, तीच लाट ताशी 36 किलोमीटरवर येते आणि वेग घटताना उंच होते. ती दिसल्यावर पळू असे म्हणणाऱ्याला हे उत्तर आहे: या वेगापुढे माणूस धावू शकत नाही.

म्हणून शिक्षकांना एक विनंती. आठवड्यातून एक तास, एकच उदाहरण घ्या, तेही बातमीतले. पर्याय देऊ नका. आधी आकृती काढू द्या, मग उत्तराचा अंदाज लिहू द्या, नंतर सूत्र. उत्तर आले की विचारा: कोणत्या गोष्टी आपण गृहीत धरल्या? वास्तव आणि उत्तर यांत फरक का पडला? या तासाने कदाचित कोणाचा एकही गुण वाढणार नाही. पण पुढच्या वेळी पडद्यावर उंची आणि वेग सरकू लागतील, तेव्हा टाळ्या वाजवणाऱ्यांतील काही मुले मनातल्या मनात भागाकारही करत असतील.